अर्धवट पुसलेला माणूस

पडद्यावर ती स्वतः दिसली त्याचं तिला काहीच वाटलं नाही. ती दिसणारच होती. पण तिच्या खांद्यामागे कुणीतरी उभं होतं, म्हणून तिनं झटकन वळून पाहिलं. मागे पांढरी भिंत होती, भिंतीला टेकवून ठेवलेली घडीची शिडी होती आणि तिनंच आतून लावून घेतलेलं दार होतं. भर सकाळी, वरच्या झरोक्यातून ऊन सरळ फरशीवर पडलेलं असताना घाबरावं असं त्या खोलीत काही नव्हतं. ती पुन्हा पडद्याकडे वळली. एवढ्यात पडद्यावरची तीही दचकली, झटकन वळली, मागे पाहून पुन्हा समोर आली, आणि स्वतःची भीती तिला अशी समोरून बघावी लागली. आपण घाबरल्यावर असे दिसतो हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. तोंड किंचित उघडं, आणि लहानपणी मार चुकवताना जायची तशी मान खांद्यांत गेलेली. मागचा माणूस मात्र आता तिथं नव्हता.

यात भुताटकी काही नव्हती, निदान यंत्राच्या बाजूनं तरी. कलाकृतीचं नाव ‘उशीर’. खोलीच्या दोन टोकांना दोन जुनी टेपयंत्रं, आणि एकातून निघून दुसऱ्याकडे गेलेली टेप, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणलेली. समोर उभ्या राहिलेल्या माणसाला कॅमेरा बघायचा, पहिलं यंत्र ते टेपवर लिहायचं, टेप सरकत सरकत दुसऱ्या यंत्रापाशी पोचायची, आणि ग्लासभर पाणी पिऊन व्हावं इतक्या वेळानं तो माणूस टीव्हीवर उमटायचा. टेपला शेवट नव्हता. टोकं जोडून तिचं वेटोळं केलेलं होतं; भिंतीवरच्या पुल्यांवरून ती पहिल्या यंत्राकडे परत यायची, तिथलं पुसणारं हेड तिच्यावरचं सगळं पुसून टाकायचं आणि कोऱ्या टेपवर पुढचा माणूस लिहिला जायचा. संग्रहालयात वरच्या मजल्यांवर चित्रं आणि मूर्ती सांभाळणारी माणसं होती. चालणाऱ्या, लुकलुकणाऱ्या, बंद पडणाऱ्या सगळ्या गोष्टी तळघरात तिच्याकडे यायच्या. फिल्म, व्हिडिओ, आता कुठल्याच संगणकावर न उघडणारी एक हलती कविता. पहारेकरी तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे आणि येताजाता विचारायचे, “काय, कालचा पेशंट वाचला का?” ती रसायनशास्त्र शिकली होती. टेपवरचा चुंबकी थर ज्या गोंदानं चिकटलेला असतो तो हवेतलं पाणी पिऊन कसा सडतो, यावर तिनं दोन वर्षं घालवली होती, आणि ती घालवताना एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की त्या थरात माणसं असतात.

चूक तिची होती, आणि ती तिच्यासारख्यांकडूनच होऊ शकली असती. दुसरी कुठलीही जुनी टेप असती तर आधी तिची नक्कल काढल्याशिवाय तिनं ती कॅमेऱ्याला जोडली नसती. पण ‘उशीर’च्या टेपवर काही नसतं; काही न उरणं हीच तर ती कलाकृती. म्हणून सगळ्यांनी त्या टेपला बल्ब आणि फ्यूजच्या रांगेत बसवलं होतं, सुटा भाग म्हणून. तिनंही ती मंद आचेच्या कपाटात शेकून कोरडी केली, वरवर मऊ कापडानं पुसली, पुल्यांवर चढवली आणि थेट कॅमेरा सुरू केला. पुसणारं हेड झिजून दुबळं झालंय हे नंतर मीटर लावल्यावर कळलं. ते पुसत होतं, पण ओल्या फडक्यानं फळा पुसावा तसं. खालचं अक्षर वाचता येत होतं. म्हणजे मागच्या प्रदर्शनात शेवटी जो कुणी खोलीत आला असेल, तो अजून तिथं होता, आणि तिनं न बघता त्याच्यावर स्वतःला लिहून टाकलं होतं.

त्या दिवशी ती यंत्र बंद न करता तशीच उभी राहिली. टेप फिरून आली. पडद्याच्या कडेनं तो आत आला, तिच्या पोटातून आरपार चालत. अंगात पातळ सदरा, चेहऱ्याच्या जागी नुसती खरखर. थांबला. समोर पाहिलं. मग एक पाय उचलून त्यानं दुसऱ्या पायाची पोटरी त्या पावलानं घासली, आणि तो पाय खाली टेकवायचं विसरल्यासारखा तसाच उभा राहिला, एका पायावर, जरासा कललेला. मग टेपचा जोड आला आणि तो गेला. तिचा हात यंत्राच्या बटणावर होता आणि तो हात तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. आईचा आवाज आला, स्वयंपाकघरातून, कढईच्या चरचरीवरून, कितीतरी वर्षांपूर्वीचा: “ए बगळ्या, दोन्ही पाय टेक की जमिनीला! भाडं पडतं का?”

दादाला घरात बगळ्या म्हणत. तो तिच्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठा, म्हणजे तिच्या आठवणीत नुसती उंची. त्याचा चेहरा तिला फोटोंवरून माहीत होता, आणि फोटोतला माणूस उभा कसा राहतो ते कळत नाही. फोटो काढताना सगळेच दोन पायांवर असतात. चालणारा, वळणारा, खाजवणारा दादा घरात कुठंच शिल्लक नव्हता. पुराच्या दिवसांत बाबांशी काहीतरी वाजलं, तो पाणी बघून येतो म्हणाला आणि गेला. नदीच्या पायऱ्यांवर त्याच्या चपला मिळाल्या, एकीशेजारी एक, टाचा जुळवून ठेवलेल्या. तिला ते तेव्हाही खटकलं होतं. दादाची एक चप्पल कायम दाराशी आणि दुसरी खाटेखाली असायची. पण मोठ्या माणसांच्या त्या रडारडीत एवढ्याशा पोरीला चपलांबद्दल कोण विचारणार. बाबा कितीतरी महिने काठाकाठानं खालच्या गावांपर्यंत जाऊन येत राहिले. मग एके दिवशी गेले नाहीत, बूट घातले आणि कामावर गेले, आणि पुढे काही वर्षांनी गेलेच. आईनं आपलं मन कुठल्या दिवशी आवरलं ते कुणाला दिसलं नाही. “नदीनं नेला,” एवढंच ती म्हणायची, मुलाला नोकरीनं दुसऱ्या गावी नेलं असं सांगतात त्या सुरात.

दुपारी तिनं विभागाच्या बाईंना, काहीच नाही अशा आवाजात विचारलं, “‘उशीर’ शेवटचं कधी लावलं होतं हो?”

“पुराच्या वर्षी,” बाई डबा उघडता उघडता म्हणाल्या. “पाणी ओसरलं, खालचं तळघर धुऊन वाळवलं, आणि थंडीत पहिलं तेच लावलं. खोलीत हीटर होता, त्यामुळे गर्दी काय विचारू नकोस. निम्मे लोक कलेसाठी, निम्मे उबेसाठी. त्यानंतर जे पेटीत गेलं ते तुझ्याचकडे आलं. का गं?”

“सहज.”

पूर आधी, थंडी नंतर. इतकी साधी गोष्ट होती ती. पण जिना उतरताना तिनं कठडा घट्ट धरला. पडद्यावरचा तो जर दादा असेल तर पूर ओसरल्यावर, बाबा अजून काठानं फिरत होते तेव्हा, तो याच शहरात होता, सदऱ्यावर होता, आणि उबेसाठी एका फुकट खोलीत शिरला होता. आणि तो जर दादा नसेल तर काहीच झालं नव्हतं. या दोन्हींमध्ये खरखरीचा एक थर होता, आणि असा थर म्हणजे तर तिचा विषय.

शिकलेल्या बुद्धीनं तिनं स्वतःला फैलावर घेतलं. जगात एका पायावर उभे राहणारे किती असतील? शिवाय खरखरीत माणसाला माणूस दिसतोच. डोळ्यांची ती जुनी खोड आहे. तिनं पुसणाऱ्या आणि लिहिणाऱ्या अशा दोन्ही हेडच्या तारा काढून टाकल्या, म्हणजे आता निदान आणखी काही पुसलं किंवा वरून लिहिलं जाणार नव्हतं. मग टेपची नक्कल काढायचा प्रयत्न केला. नक्कल काढणारं यंत्र दुबळी खूण दिसली की तिला घाण समजून साफ करायचं. साफसफाई बंद केली तर पडद्यावर नुसत्या मुंग्या यायच्या. दादा, किंवा जो कुणी होता तो, त्या एकाच जुन्या टीव्हीवर, तिथं उभं राहून बघणाऱ्या डोळ्यांनाच दिसत होता. अनेक फेऱ्या एकावर एक रचल्या तर खरखर आपसात कटून जाते आणि कायमचं असतं तेवढं वर येतं, हे तिला येत होतं. पण सडलेल्या गोंदाची टेप फेरीगणिक झडते. प्रत्येक फेरीनंतर हेड पुसलं की कापसाच्या काडीवर तपकिरी पूड यायची. चेहरा वर यावा इतक्या फेऱ्या होईपर्यंत त्याला चेहरा राहिला नसता.

तरी ती रोज एकदा बघायची. एकदाच, असं ठरवून, कधी दोनदा. खोलीचं दार लावायची, टेप सुरू करायची, आणि तो यायच्या आधी तिच्या मानेवर गार वाटायला लागायचं, जणू कुणी बाहेरची हवा घेऊन आत आलंय. तो यायचा, थांबायचा, पाय उचलायचा. काही दिवसांनी तिला वाटलं की तो आता पूर्वीपेक्षा किंचित अधिक समोर बघतोय. टेप एका कडेनं जास्त झडते, त्यामुळे आकृती वळल्यासारखी वाटू शकते. हे कारण तिनं स्वतःला समजावून सांगितलं आणि ते बरोबरही होतं. पण कारण बरोबर असूनही तो तिच्याकडे बघत होता. कापसाच्या काड्या कचऱ्यात टाकायच्या असतात. त्या टाकताना एकदा तिचा हात थांबला, आणि तेव्हापासून ती त्या एका बरणीत ठेवायला लागली. त्या पुडीत कोण किती गेलं होतं, गुडघा की कान, ते सांगता येत नव्हतं. बरणीला झाकण लावलं तर त्याला श्वास कसा मिळेल असं मनात येऊन गेलं, आणि मग तिला स्वतःचीच इतकी भीती वाटली की ती तशीच जाऊन पहारेकऱ्यांच्या घोळक्यात चहा प्यायला बसली.

“डॉक्टरीणबाई, चेहरा उतरलाय,” एकानं विचारलं. “पेशंट सीरियस दिसतोय?”

“पेशंट बरा आहे,” दुसरा म्हणाला. “डॉक्टरलाच दाखवायला पाहिजे.”

ती हसली. आपण हसतोय हे थोडं उशिरा कळल्यासारखं तिला वाटलं.

शेवटी तिनं कलाकृती करणाऱ्या म्हाताऱ्या कलावंताला फोन लावला. दुरुस्ती करताना त्याचं मत घ्यायचं असा नियमच होता. पुसणारं हेड दुबळं झाल्यामुळे आधीचे प्रेक्षक पुसट दिसताहेत, ते तसंच ठेवलं तर चालेल का, असं तिनं विचारलं.

“अजिबात नाही!” म्हातारा खेकसला. “पोरी, ती कलाकृती नव्हे, तो बिघाड आहे. माणूस समोरून गेला की संपला पाहिजे. स्मारकं करणारे दुसरे आहेत, त्यांना विचार.”

“पण बघायला छान वाटतं,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच पटला नाही.

म्हाताऱ्यानं विचारलं, “कोण राहिलंय त्यात?”

“कुणी नाही. असाच एक. प्रेक्षक.”

“मग घरी पाठव त्याला,” तो म्हणाला, आणि या वेळी खेकसला नाही. “प्रदर्शन कधीच संपलं म्हणावं.”

नवं पुसणारं हेड आलं होतं. तिनं ते बसवलंही होतं, फक्त तार जोडली नव्हती. नव्या प्रदर्शनाचं उद्‌घाटन तोंडावर आलं तसे बाईंचे टोमणे सुरू झाले: “रोग कळला, औषध आलं, मग पेशंट अजून खाटेवर का?” ती काहीतरी कारण सांगायची. खरं कारण वेगळं होतं: जगात अजून एकच जोडी डोळे होते ज्यांनी त्याला चालताना पाहिलं होतं, आणि ते डोळे रोज संध्याकाळी तिच्यासमोर मटार सोलत बसत. आईचा चेहरा त्या वेळी शांत असायचा. ती शांतता आईनं कशी मिळवली हे तिला माहीत नव्हतं, आणि तिच्यात हात घालायचा आपल्याला काय अधिकार, असं तिला वाटायचं. पण न विचारता पुसून टाकायचा तरी काय अधिकार?

“आई, एकदा माझ्या कामाच्या जागी येशील? सुट्टीच्या दिवशी. एक गोष्ट बघायचीय.”

“मला काय कळतंय त्यातलं.”

“बघून सांग नुसतं. कुणी ओळखीचं वाटतं का.”

आईच्या हातातली शेंग क्षणभर थांबली. मग तिनं ती उघडली, दाणे भांड्यात पाडले आणि म्हणाली, “येते.”

संग्रहालय बंद असतं त्या दिवशी सकाळी दोघी आल्या. आईनं जिन्यावरून उतरताना नाक मुरडलं. “एवढी शिकलीस आणि तळघरात बसवलंय होय गं तुला?” खोलीत शिरल्यावर तिनं टेपचं ते ताणलेलं वेटोळं, पुल्या, यंत्रं सगळं बघितलं आणि म्हणाली, “आमच्याकडे असं काही बिघडलं की तुझे बाबा त्याला वरून एक थाप मारायचे.” तिनं आईला खुर्ची दिली.  मग टेप सुरू केली.

खरखर. मग तिची स्वतःची फिकट आकृती, आणि तिच्यातून चालत येणारा तो. थांबला. पाहिलं. पाय उचलला. गेला.

आईची बोटं मांडीवर, एकमेकांत अडकवलेली. “पुन्हा लाव,” ती म्हणाली. टेप फिरून आली. तो आला, थांबला. “पुन्हा.” तिला हेडवर साचणारी पूड डोळ्यांपुढे दिसत होती, पण तिनं थांबवलं नाही. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा आई खुर्चीवरून उठून पडद्याच्या अगदी जवळ गेली, दिवा विझवायला जावं तशी, आणि तिथंच उभी राहिली.

“हा तो नाही,” आई म्हणाली.

“नीट बघितलंस?”

“अगं, मी पायावरून ओळखेन त्याला. तो डाव्यावर उभा राहायचा. उजवा वर. डावी चप्पल आधी झिजायची त्याची, नेहमी, दुसरी नवीच्या नवी. हा बघ ना, उजव्यावर उभा आहे.”

तिच्या आत काहीतरी सावकाश, आवाज न करता खाली बसलं. या टीव्हीतल्या दोन तारा कलावंतानं मुद्दाम उलटसुलट जोडल्या होत्या, म्हणजे चित्र आरशासारखं दिसावं, उजवं ते डावं. बघणाऱ्याला आधी आरसाच वाटावा आणि मग तो उशिरा हलतोय हे कळावं, यासाठी. त्या तारा तिनं याच महिन्यात स्वतः तपासल्या होत्या. दादा कुठल्या पायावर उभा राहायचा ते तिला कधीच आठवलं नव्हतं, म्हणून तिनं त्याचा विचारही केला नव्हता. पडद्यावर जो उजवा दिसत होता तो डावा होता.

“आई...”

“बरं झालं बाई,” आई म्हणाली आणि खुर्चीत बसली. “इतके दिवस तुझं तोंड बघतेय मी, काही बोलत नव्हतीस.  तो इथं असता म्हणजे, अंगात एक सदरा, बाहेर ती थंडी, आणि घर इथून चालत येण्यासारखं. मग मला विचारावं लागलं असतं की का नाही आला. आणि विचारायचं कुणाला? तुझे बाबाही नाहीत आता. नदीचं बरं असतं. नदी माणूस नेते ते काही त्याला घर नकोसं झालं म्हणून नव्हे.”

 वाक्य तिच्या तोंडाशी आलेलं होतं, दोन तारांएवढं लहान. ते तिनं गिळलं. टेप चालूच होती. आईच्या पाठीमागे तो पुन्हा आला, थांबला, आणि तिला वाटलं, आता तो आपल्याकडे नाही, आईच्या डोक्याकडे बघतोय.

“हे पुसायचंय ना तुला?” आईनं विचारलं.

“हो.”

“मग पूस की. परक्या माणसाला किती दिवस कोंडून ठेवणार.”

तिनं नव्या हेडची तार जोडली. लिहिणाऱ्या हेडची जोडली. मीटर लावून पाहिलं. सगळं ठीक होतं. कॅमेरा सुरू केला. टेपच्या दोन फेऱ्या रिकाम्या खोलीवर होऊ दिल्या. पडद्यावर खोली उमटली, स्वच्छ, काठोकाठ: भिंत, शिडी, ऊन. कुणी नाही. तो यायच्या जागी टेपचा जोड आला आणि गेला. हे इतकं नीट झालं होतं की तिच्या आतल्या कामगाराला समाधान वाटलं, आणि त्या समाधानाची तिला शिसारी आली.

“मी येते का यात?” आई उठली.

“त्या खुणेवर उभी राहा. लगेच नाही दिसणार. जरा थांब.”

आई खुणेवर जाऊन उभी राहिली, हात कुठं ठेवावे न कळून. मग पडद्यावर आली. “अगं बया! ही म्हातारी कोण?” ती हसायला लागली, आणि पडद्यावरची गंभीर उभी होती म्हणून आणखी हसली. टेप फिरत होती. तिची नजर सवयीनं टेपच्या जोडावर होती. जोड पुलीवरून उतरून पहिल्या यंत्राकडे सरकत होता, म्हणजे त्याच्या आधीचा, तो असायचा तोच तुकडा आता लिहिला जात होता; आत्ता, नेमका आत्ता, तो यायचा. तिनं मान वर केली. आईचं हसणं थांबलं होतं. आईनं कोपर अंगाशी घेतलं आणि ती अर्धं पाऊल बाजूला झाली.

“आई, बाजूला का सरकलीस?”

“मी?” आई म्हणाली. “मी कुठं सरकले? इथंच तर उभी आहे.”

दोघींनी पडद्याकडे पाहिलं. तिथं आई अजून हसत होती, स्वतःच्या म्हातारपणाला, खुणेच्या बरोबर मधोमध उभी. मग पडद्यावरच्या आईचं हसणं थांबलं. तिनं कोपर अंगाशी घेतलं, एका सडपातळ माणसाला शेजारी उभं राहता येईल इतकी ती बाजूला झाली, आणि मान वर करून, आपल्याहून उंच असलेल्याकडे बघतात तशी, त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली.